पेटंटची रांग आणि उसाची खेप



दरवर्षी ७ नोव्हेंबरला आम्ही साताऱ्याला जातो. १९०० साली याच तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, बाबासाहेबांचं नाव दाखल झालं. आता राज्यभर हा दिवस विद्यार्थी दिवस म्हणून पाळला जातो. भाषणं होतात, हार घातले जातात, मग चहा. गेल्या वेळी चहाच्या वेळेला वाळवा तालुक्यातला एक पोरगा आमच्याजवळ आला. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होता. पिशवीतून त्यानं लॅमिनेट केलेला कागद काढला आणि म्हणाला, "दादा, मला पेटंट मिळालं."

आम्ही कागद वाचला. ते पेटंट नव्हतं. पेटंट कार्यालयाचं जर्नल दर शुक्रवारी निघतं, त्यात अर्ज प्रसिद्ध झाल्याचं ते पान होतं. अर्ज प्रसिद्ध होणं म्हणजे तो तपासून मान्य होणं नव्हे. अर्ज आला आहे एवढंच जगाला कळवणं. लग्नाची बोलणी सुरू झाली म्हणून कुणी जावई होत नाही.

त्याहून वाईट पुढेच होतं. अर्जदार म्हणून संस्थेचं नाव. संशोधक म्हणून चार प्राध्यापकांची नावं, त्यातल्या दोघांना त्यानं कधी पाहिलंही नव्हतं. त्याचं स्वतःचं नाव कुठेच नव्हतं. "सर म्हणाले, विद्यार्थ्यांचं नाव आत फाइलमध्ये असतं." कॉलेजचं नाव आम्ही लिहीत नाही, कारण हे एका कॉलेजचं दुखणं नाही. मूल्यांकनाच्या गुणांसाठी पेटंटची संख्या दाखवायची असते, आणि 'प्रसिद्ध' हा शब्द 'मिळालं' म्हणून खपवला जातो. आठ-दहा कॉलेजांतल्या पोरांशी बोललो, सगळीकडे कहाणी तीच.

पोरानं बनवलं होतं काय? ऊसतोडणी टोळ्यांसाठी मोबाइलवरचं हिशेबाचं ॲप. कुठल्या कोयत्यानं किती टन तोडला, वजनकाट्यावर कुठल्या खेपेचं किती वजन भरलं, उचल किती घेतली होती, त्यातली किती फिटली, किती बाकी. मुकादमाच्या वहीत जे असतं आणि मजुराला कधी दिसत नाही, ते मजुराच्या फोनवर. पोराचे आजोबा टोळीतले. सही येत नव्हती, वहीवर अंगठा द्यायचे. हे ॲप कुठून आलं ते वेगळं सांगायला नको.

आता कायदा पाहा. पेटंट कायदा १९७०, कलम ३(के). गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम हे कायद्याच्या भाषेत 'शोध' नाहीत. उसाच्या खेपेचा आणि उचलीचा हिशेब ठेवणारं ॲप म्हणजे एकीकडून व्यवसायाची पद्धत आणि दुसरीकडून निव्वळ प्रोग्राम. दोन्ही दारं बंद. अर्ज लिहिणाऱ्या एजंटाला हे ठाऊक नव्हतं असं आम्ही मानायला तयार नाही. पण त्याचं काम अर्ज दाखल करण्यापर्यंतच होतं. व्यक्तीच्या नावानं अर्जाची सरकारी फी १६०० रुपये. लवकर प्रसिद्धी हवी असेल तर आणखी २५००. संस्थेला दर वेगळा, आणि शिक्षणसंस्थांना त्यात मोठी सवलत. खरी तपासणी हवी असेल तर वेगळा अर्ज, वेगळी फी. तो आता ३१ महिन्यांच्या आत करावा लागतो, नाहीतर मूळ अर्ज मागे घेतला असं धरलं जातं. हिशेब सरळ आहे. दाखल करा, लवकर प्रसिद्ध करा, गुण घ्या, आणि तपासणीचा अर्ज करायचं 'राहून जातं'. पोरगं लॅमिनेट केलेला कागद घेऊन गावात फिरतं.

समजा एखाद्यानं तपासणीही मागितली. मग परीक्षकाचा पहिला अहवाल येतो. संगणकाचा विषय असला की त्यात कलम ३(के) हमखास असतं. उत्तराला सहा महिने, फार तर आणखी तीन. मग सुनावणी. मग कलम १५ खाली नकार. त्यावर तीन महिन्यांत अपील, आणि ते थेट उच्च न्यायालयात. आधी यासाठी बौद्धिक संपदा अपील मंडळ होतं. तिथल्या खुर्च्या वर्षानुवर्षं रिकाम्या राहिल्या, आणि एप्रिल २०२१ मध्ये अध्यादेश काढून मंडळच मोडीत काढलं. वाळव्याच्या पोरानं मुंबईत उच्च न्यायालयात वकील उभा करायचा. किती तारखा, किती वर्षं?

ही अतिशयोक्ती वाटत असेल त्यांनी फरीद अल्लानींचं प्रकरण वाचावं. ट्युनिशियाचे हे गृहस्थ. इंटरनेटवरची माहिती आणि सेवा लवकर मिळवण्याची पद्धत आणि साधन हा त्यांचा विषय. भारतात अर्ज आला २००२ साली. २००५ ला नाकारला. ते दिल्ली उच्च न्यायालयात गेले, प्रकरण फेरविचाराला परत आलं, पुन्हा नकार. अपील मंडळानं २०१३ ला अपील फेटाळलं. पुन्हा उच्च न्यायालय. १२ डिसेंबर २०१९ ला न्यायमूर्ती प्रतिभा सिंह यांनी निकाल दिला की शोधाचा 'तांत्रिक परिणाम' दिसत असेल तर केवळ संगणक प्रोग्रामवर आधारलेला आहे म्हणून तो नाकारता येत नाही. जुलै २०२० मध्ये पेटंट मंजूर झालं. पेटंटची मुदत मूळ अर्जापासून २० वर्षं. म्हणजे मिळालं तेव्हा संपायला काही महिनेच उरले होते.

हे वाचून आमचे काही मित्र म्हणतात, बघा, चिकाटी असली की मिळतं! आम्ही म्हणतो, पुन्हा वाचा. अठरा वर्षं वकील पोसण्याची ताकद ज्याच्याकडे आहे त्याला मिळतं. आणि त्या अठरा वर्षांतून जे बाहेर पडलं ते एका माणसाचं पेटंट नव्हतं. बाहेर पडला तो 'तांत्रिक परिणाम' हा शब्द. त्या शब्दाला धरून आता जगातल्या बड्या कंपन्या कलम ३(के) च्या भिंतीत एकेक वीट काढताहेत. रांगेत उभा एक माणूस दिसतो, पण दार उघडतं ते मागे उभ्या असलेल्या ट्रकसाठी.

ही भिंत आपोआप उभी राहिलेली नाही, हे आपल्या पोरांना कुणी सांगत नाही. ब्रिटिशांचा १९११ चा पेटंट कायदा होता. स्वातंत्र्यानंतर न्यायमूर्ती राजगोपाल अय्यंगार समितीनं १९५९ ला अहवाल दिला. देशातली बहुतेक पेटंटं परदेशी मंडळींच्या हातात आहेत आणि ती इथे माल बनवायला नव्हे, बाजार अडवायला वापरली जातात, हे तिनं दाखवून दिलं. त्यातून १९७० चा कायदा आला. २००२ च्या दुरुस्तीत कलम ३(के) आलं. डिसेंबर २००४ मध्ये सरकारनं अध्यादेश काढून ते सैल करून पाहिलं. उद्योगातला तांत्रिक वापर असेल किंवा हार्डवेअरशी जोड असेल तर प्रोग्रामलाही पेटंट, अशी ती दुरुस्ती होती. २००५ ला विषय संसदेत आला तेव्हा डाव्या पक्षांच्या विरोधामुळे ती गाळावी लागली. म्हणजे देशाच्या संसदेपुढे हा प्रश्न आला आणि संसदेनं नाही म्हटलं.

त्यानंतर काय झालं? कायदा तोच, पण कार्यालयाच्या 'मार्गदर्शक तत्त्वां'तून मागच्या दारानं तेच आत आणायचा खेळ सुरू झाला. ऑगस्ट २०१५ मध्ये सैल तत्त्वं आली. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांनी आणि देशी स्टार्टअपवाल्यांनी ओरड केली, डिसेंबरमध्ये ती स्थगित झाली. फेब्रुवारी २०१६ ला नवी आली, त्यांत नवं हार्डवेअर असलंच पाहिजे अशी कसोटी होती. जून २०१७ मध्ये ती कसोटी गायब. जे संसदेत जमलं नाही ते परिपत्रकात जमवायचं, ही रीत आपल्याला नवी आहे का? आरक्षणाचं, शिष्यवृत्तीचं, पदोन्नतीचं काय काय परिपत्रकांनी खाल्लं ते आपण जन्मापासून बघतोय. इथेही तोच हात आहे. फक्त विषय इंग्रजीत आणि संगणकाचा असल्यामुळे आपल्या कार्यकर्त्यांनी तिकडे पाहिलेलं नाही.

आपल्या पोरांना या भिंतीचं काय? सांगतो. सांगली, इस्लामपूर, कराड, सातारा इथे दोन खोल्यांत चार संगणक टाकून आपली पोरं दूध संघाचं, पतसंस्थेचं, दवाखान्याचं सॉफ्टवेअर लिहितात. त्यांनी लिहिलेल्या कोडला कॉपीराइट कायद्याचं संरक्षण आपोआप मिळतं, साहित्यकृतीसारखं. नोंदणी लागत नाही, फी नाही, अपील नाही. त्यांचं कोड चोरणं गुन्हा आहे. पण कॉपीराइट कल्पनेवर ताबा देत नाही, पेटंट देतं. ॲमेझॉनला १९९९ साली अमेरिकेत एका क्लिकमध्ये खरेदी करण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळालं आणि त्या कंपनीनं लगेच एका पुस्तकविक्रेत्या कंपनीला कोर्टात खेचलं. एक क्लिक! तो विक्रेता मोठा होता, लढू शकला. तसली नोटीस उद्या इस्लामपूरच्या दोन खोल्यांत आली तर पोरगं कोड मिटवून घरी जाईल. कलम ३(के) आहे म्हणून आज ती नोटीस येत नाही.

एक भारतीय उदाहरणही आहे. नेटवरच्या शोधातल्या जाहिरातींच्या एका पद्धतीवर याहूनं इथे पेटंट मागितलं. मुंबईच्या रेडिफनं विरोध अर्ज केला. २०११ ला अपील मंडळानं ती व्यवसायाची पद्धत ठरवून याहूचं अपील फेटाळलं. पेटंट मंजूर होण्याआधी असा विरोध कलम २५(१) खाली कोणीही करू शकतं. 'कोणीही' हा शब्द कायद्यात आहे. रेडिफच पाहिजे असं नाही, सांगलीतला अभ्यासवर्गही चालतो. २०२४ च्या नियमांनी त्यावर फी बसवली आणि विरोध ऐकण्याजोगा आहे की नाही हे आधीच ठरवण्याचा अधिकार अधिकाऱ्याला दिला. का बसवली असेल?

आता हळदीकडे येऊ. सांगलीत राहून पेटंटवर लिहायचं आणि हळदीवर नाही, हे कसं चालेल. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेत मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळालं. संशोधक दोघेही भारतीय वंशाचे. १९९६ मध्ये सीएसआयआरनं, तेव्हा तिचे महासंचालक रघुनाथ माशेलकर होते, फेरतपासणीची मागणी केली आणि १९९७ मध्ये पेटंट कार्यालयानं दावे अमान्य केले. ही गोष्ट आपल्याकडे विजयगाथा म्हणून सांगितली जाते. विजय आहेच, नाकारत नाही. पण तो कशाच्या जोरावर मिळाला ते बघा. बत्तीस लेखी संदर्भ सादर केले. संस्कृत ग्रंथ, उर्दू, हिंदी, शिवाय १९५३ चा वैद्यकीय नियतकालिकातला लेख. का? कारण तेव्हाच्या अमेरिकन कायद्यात अमेरिकेबाहेरचं ज्ञान छापलेलं असेल तरच पुरावा होता. बाहेरच्या देशातला निव्वळ वापर, तोंडी ज्ञान, रोजची रीत यांना किंमत नव्हती.

हळद शिजवणाऱ्या, वाळवणाऱ्या, पॉलिशच्या धुळीत उभ्या राहणाऱ्या बायका बोटाला विळा लागला की हळदच दाबतात. त्यांच्या आज्याही तेच करत होत्या. हरिपूरच्या पेवांत उतरून हळद काढणाऱ्या माणसाला जखमेवर काय लावायचं हे कुणी शिकवलं नव्हतं. पण त्यांचं ज्ञान पुरावा नव्हतं. पुरावा होता पोथी. ज्यांना अक्षर शिकायची बंदी होती त्यांचं ज्ञान छापलं कसं जाणार? आधी लिहायला मनाई करायची, मग 'लिहिलेलं दाखवा' म्हणायचं. हा कायदा वॉशिंग्टनमध्ये झाला असेल, पण त्याची ओळख आपल्याला फार जुनी आहे. पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभारला गेला, तोही मुख्यतः आयुर्वेद, युनानी, सिद्ध यांच्या ग्रंथांतून. कातडं कमावण्याचं, डफ ताणण्याचं, दोर वळण्याचं ज्ञान त्यात कुठे शोधायचं?

चपलेचंही तेच. कोल्हापुरी चपलेच्या भौगोलिक मानांकनात महाराष्ट्रातल्या ज्या जिल्ह्यांचा समावेश आहे त्यांत सांगली आणि साताराही आहेत. मानांकन लिडकॉम आणि कर्नाटकाच्या लिडकर या सरकारी महामंडळांच्या नावावर. जून २०२५ मध्ये प्राडानं मिलानमध्ये ती चप्पल मिरवली, गवगवा झाला, आणि मुंबई उच्च न्यायालयात गेलेली जनहित याचिका जुलैमध्ये फेटाळली गेली, कारण याचिका करणारे नोंदणीकृत मालक नव्हते. चप्पल शिवणारा ढोर-चांभार कारागीर तर त्या दालनात कुठेच नव्हता.

आता आमच्यावर येणारा आरोप. "तुम्ही आपल्या पोरांना मोठं होऊ देत नाही. ब्राह्मण-बनियांची पोरं पेटंट घेतात आणि तुम्ही म्हणता घेऊ नका." हा आरोप आमच्याच एका जवळच्या कार्यकर्त्यानं केला म्हणून त्याला उत्तर देणं भाग आहे. घेऊ नका असं आम्ही म्हणत नाही. गटारात माणूस उतरू नये म्हणून आपल्या पोरानं यंत्र बनवलं, त्यात नवी रचना असेल, तर पेटंट घ्यावं, जरूर घ्यावं. ते यंत्र आहे, कलम ३(के) चा अडसर नाही, आणि त्या पेटंटची फी भरायला आम्ही झोळी घेऊन फिरू. आमचं भांडण आहे ते पेटंटचा कागद म्हणजे गुणवत्तेचं नवं जानवं मानण्याशी. ते गळ्यात पडलं म्हणजे आपण द्विज झालो, हा भ्रम कुणी कुणाला विकतंय? आणि हो, पेटंट नियमांत लवकर तपासणीची वेगळी रांग आहे. स्टार्टअपला आहे, लघुउद्योगाला आहे, महिला अर्जदाराला आहे, सरकारी संस्थांना आहे. अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराला नाही. हा मुद्दा हातात घेऊन कुणी रस्त्यावर उतरलं तर आम्ही बरोबर आहोत. तोवर 'पेटंट काढा' म्हणणाऱ्या व्याख्यात्याला एवढं विचारा, कुठल्या रांगेतून?

१९०१ साली साताऱ्याहून निघालेला भीमराव घरातल्या मुलांबरोबर मसूर स्टेशनवर बसून राहिला होता. वडिलांचा माणूस न्यायला आला नाही. जात कळल्यावर स्टेशनमास्तर मागे सरला, गाडीवाले तयार होईनात. शेवटी एक तयार झाला तो या अटीवर की भाडं दुप्पट आणि गाडी पोरांनीच हाकायची. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. दुप्पट भाडं द्यायचं, गाडीही आपणच हाकायची, आणि मालकी मात्र त्याची. वाळव्याच्या पोरानं ॲप लिहिलं, चाचणी घेतली, फडात जाऊन मजुरांना शिकवलं. नावं चार प्राध्यापकांची लागली.

त्याचं पुढे काय झालं ते सांगून थांबतो. संशोधक म्हणून आपलं नाव लागावं असा दावा पेटंट मंजूर होण्याआधी करता येतो, कलम २८ खाली, फॉर्म ८ भरून. तो आम्ही भरला. कोड लिहिल्याच्या तारखा, मेल, मजुरांबरोबर फडात काढलेले फोटो जोडले. त्या अर्जाला पेटंट मिळणार नाही हे आम्हाला ठाऊक आहे, पोरालाही आता ठाऊक आहे. तरी नाव लावून घ्यायचं म्हणाला. कॉलेजातून त्याला बोलावणं आलं, "कशाला वाढवतोस, प्रॅक्टिकलचे मार्क बाकी आहेत ना." तो एकटा गेला नाही, आमच्यातले तिघं बरोबर गेले. मार्कांचं बोलणं तिथेच थांबलं.

ॲपचं कोड त्यानं मुक्त परवान्याखाली सगळ्यांना उघडं केलंय. कुणीही घ्यावं, वापरावं, सुधारावं, मात्र सुधारलेलंही तसंच उघडं ठेवावं, अशी अट घातलीय. संस्थेनं त्याच्याकडून कुठल्या कागदावर हक्क लिहून घेतले होते का, हे आधी आमच्या वकील मित्राकडून तपासून घेतलं. घेतले नव्हते, घाईत राहून गेलं होतं. तुमच्यापैकी कुणी शेवटच्या वर्षाला असेल तर प्रोजेक्टच्या फाइलवर सही करण्याआधी तो कागद वाचा, समजला नाही तर आमच्याकडे पाठवा. या गळीत हंगामात दोन टोळ्या ॲप वापरताहेत. एका मुकादमानं फोन करून शिव्या दिल्या. वजनकाट्याची पावती ॲपमध्ये कशी भरायची हे मराठीत आणि बंजारा बोलीत समजावून सांगणारे व्हिडिओ करायचे आहेत. बंजारा बोली येणारं कुणी असेल तर कळवा.